५एफ१ ट्वीड चॅम्पचा किट: काय मागवावं, काय इथेच करून घ्यावं

पहिलाच व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) गिटार ॲम्प घरी जोडायचा तर फेंडर कंपनीचा ५एफ१ जोडावा, याबद्दल जाणकारांत फारसं दुमत नाही. प्रश्न किट कोणत्या स्वरूपात मागवायचा हा आहे. कॅबिनेट, स्पीकर, कापड, व्हॉल्व्ह असं सगळं एकत्र बांधून येणारा ‘पूर्ण किट’ भारतात मागवणं आम्हाला पटत नाही. चासी (धातूचा सांगाडा), बोर्ड (भाग बसवायची पट्टी), दोन ट्रान्सफॉर्मर आणि सुटे भाग एवढंच मागवा. तेही पॉवर ट्रान्सफॉर्मर २३०-२४० व्होल्टचा आहे याची विक्रेत्याकडून लेखी खात्री करून घेतल्यावर. काही व्हॉल्व्ह वेगळे मागवावे लागतात, बाकीचं बहुतेक इथे जमतं, आणि लाकूडकाम तर इथेच स्वस्तात चांगलं होतं.

५एफ१ ही फेंडरच्या ट्वीड (कापडी आवरणाच्या) चॅम्पची शेवटची आवृत्ती. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या कारखान्यात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बनू लागली. नवशिक्यांसाठीचा स्वस्त ॲम्प म्हणून तो विकला जायचा. तीन व्हॉल्व्ह: पुढे १२एएक्स७, शेवटी एकच ६व्ही६जीटी, आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३जीटी. डझनभर रेझिस्टर, सहा कंडेन्सर, आठ इंची स्पीकर, सुमारे पाच वॅट. कंट्रोल एकच, व्हॉल्यूमचा, आणि त्यावर आकडे १२ पर्यंत. टोन कंट्रोल नाही, स्टँडबाय नाही. जोडणारा चुकला तरी चूक शोधायला जागाच फार थोड्या उरतात. हीच या सर्किटची सगळ्यात मोठी सोय.

अमेरिकेत मोजोटोन, वेबर, स्ट्यूमॅक असे विक्रेते या धर्तीचे किट विकतात, युरोपातही मिळतात. खालचं परीक्षण कोणा एका विक्रेत्याच्या मालाचं नाही. सर्किट सगळ्यांचं जवळपास तेच आहे. फरक पडतो तो ट्रान्सफॉर्मर, बोर्ड आणि सूचनापत्र या तीन गोष्टींत, आणि त्याच पाहून किट निवडायचा असतो.

ट्रान्सफॉर्मर

किटची अर्धी किंमत आणि बहुतेक सगळं वजन यातच असतं. अमेरिकन बाजारासाठीच्या किटमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी (वीज आत घेणारं वेटोळं) १२० व्होल्टचा असतो. ‘स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावू की’ म्हणून तोच घेण्याचा मोह होतो, पण तो टाळा. तिथली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५० ची. ६० हर्ट्‌झपुरता काटेकोर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की गाभ्यातला चुंबकीय प्रवाह एक पंचमांशाने वाढतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि स्वतःच गुणगुणायला लागतो. शिवाय स्टेप-डाउनचा दुसरा डबा कायमचा गळ्यात पडतो. निर्यातीसाठीचा, अनेक टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजची जोडटोकं) असलेला ट्रान्सफॉर्मर बहुतेक विक्रेत्यांकडे थोडे जास्त पैसे देऊन मिळतो. तोच घ्या.

टॅप निवडतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. आपल्याकडे कागदावर २३० व्होल्ट असले तरी भिंतीतल्या सॉकेटवर २४०-२४५ मिळणं ही रोजची गोष्ट आहे, रात्री उशिरा त्याहूनही जास्त. दिवसातून तीन-चार वेळा मीटरने मोजा आणि जो आकडा जास्त वेळा दिसेल त्याच्या जवळचा टॅप जोडा. २२० च्या टॅपला २४० दिले की आतलं प्रत्येक व्होल्टेज ९ टक्क्यांनी चढतं. त्याचा ६व्ही६ वर काय परिणाम होतो, ते पुढे आकड्यांत दिलं आहे. २४० चा टॅप नसेलच तर स्वस्त उपाय आहे: १२ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याची सेकंडरी (वीज बाहेर देणारं वेटोळं) मेनच्या तारेत उलट्या फेजने सिरीज जोडायची. २४५ चे २३३ होतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा ट्रान्सफॉर्मर कोणत्याही दुकानात मिळतो. उलटसुलट जोडलात तर व्होल्टेज कमी होण्याऐवजी १२ ने वाढेल, म्हणून ॲम्प लावण्याआधी मीटर लावा. जोडणी बंद डब्यात करा. तिथे मेनची वीज आहे हे विसरू नका.

पॉवर ट्रान्सफॉर्मर स्थानिक कारागिराकडून गुंडाळून घेता येईल का? येईल. मागणी अशी लिहून द्या: प्रायमरी ०-२३०-२४०, सेकंडरी ३२५-०-३२५ व्होल्ट ७० मिलिअँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर, ६.३ व्होल्ट २ अँपिअर मध्य टॅपसह, आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये अर्थला जोडायचा तांब्याचा पत्रा. जुने रेडिओ दुरुस्त केलेल्या कारागिराला यात नवीन काही नाही. स्पीकरला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गोष्ट वेगळी. ५एफ१ मध्ये एकच पॉवर व्हॉल्व्ह आहे, म्हणजे या ट्रान्सफॉर्मरमधून सतत ४० मिलिअँपिअरच्या आसपास डीसी वाहतो. गाभ्याच्या ई आणि आय पट्ट्या एकाआड एक उलटसुलट न रचता सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, मध्ये कागद घालून हवेची फट ठेवावी लागते. फट नसेल तर डीसीनेच गाभा भरतो. खालचे सूर पिचतात आणि आवाज कागदी येतो. शिवाय प्रायमरी-सेकंडरीचे थर एकमेकांत गुंफायचे असतात. कारागीर फटीबद्दल स्वतःहून विचारत नसेल तर त्याला हे काम देऊ नका, किटमधलाच वापरा. साधारण ७ ते ८ के (किलोओहम) प्रायमरी आणि ४ ओहम सेकंडरी अशी त्याची मोजमापं असतात.

बोर्ड आणि पावसाळा

जुन्या फेंडरमध्ये काळ्या व्हल्कनाइज्ड फायबरचा, पितळी छिद्रांचा बोर्ड असायचा. ‘अस्सल’ म्हणून तसाच बोर्ड देणारे किट आहेत. दिसायला देखणा, पण आपल्या हवेत नकोच. हे फायबर मुळात दाबलेला कागद आहे, तो दमट हवेत पाणी धरतो. मग ३०० व्होल्टच्या छिद्रातून शेजारच्या ग्रिडच्या (व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाच्या) छिद्राकडे बारीकसा प्रवाह गळायला लागतो. ग्रिडचा विरोध मोठा असल्यामुळे एवढी गळतीही पुरते: व्हॉल्यूमचा पॉट (खुंटी) फिरवताना खरखर, अधूनमधून फटफट, आणि उन्हाळ्यात सगळं आपोआप ठीक. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्याने तर काचतंतू-इपॉक्सीचा बोर्डच मागवावा, छिद्रांचा असो की खुंट्यांचा. नवशिक्याला खुंट्या सोप्या. तार गुंडाळून सोल्डर करता येते आणि भाग बदलायचा झाला तर बोर्ड उचलावा लागत नाही.

कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरबद्दलही हेच. त्यांच्या ‘जुन्या आवाजा’साठी जास्त पैसे मागितले जातात. दमट हवेत त्यांचे ओहम वर सरकतात आणि प्लेटच्या (व्हॉल्व्हच्या सिग्नल देणाऱ्या टोकाच्या) जागी ते हिस्स आवाज वाढवतात. दोन्ही १०० के, दोन्ही ६८ के आणि दोन्ही १.५ के मेटल फिल्मचे घाला. आवाजातला जुनेपणा व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांतून येतो, रेझिस्टरच्या अंगावरच्या तपकिरी रंगातून येत नाही.

कापडी आवरणाची तार मात्र घ्यावी. तिचं आवरण बोटाने मागे सरकवून सोल्डर करता येतं, गरम टोकाने वितळत नाही. इथल्या साध्या पीव्हीसी तारेचं आवरण सोल्डर करताना आक्रसतं आणि नेमकी उघडी तार चासीजवळ राहते.

जोडणी

सूचनापत्राच्या नावाखाली बहुतेकदा फेंडरच्या मूळ सर्किट आणि लेआउटच्या चित्राची प्रत येते. लेआउट चांगलं आहे, पण दोन गोष्टी त्यात सहज निसटतात. एक, काही तारा बोर्डच्या खालून जातात आणि चित्रात त्या तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. बोर्ड पक्का करण्याआधीच त्या घालून मीटरने तपासा. दोन, व्हॉल्व्ह बेसचे पाय खालून पाहताना खाचेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायचे. ६व्ही६ चे: ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड, ८ कॅथोड, २ आणि ७ हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार). ५वाय३ चे: ४ आणि ६ प्लेट, २ आणि ८ फिलामेंट, आणि हाय व्होल्टेज ८ वरून घ्यायचं. १२एएक्स७ मध्ये ४ आणि ५ एकत्र जोडून हीटरची एक बाजू, ९ ही दुसरी.

क्रम असा ठेवा: आधी मेन, फ्यूज आणि अर्थ. मग ट्रान्सफॉर्मर, मग हीटरच्या तारा, मग बोर्ड, शेवटी जॅक आणि पॉट. हीटरच्या तारा बोर्डच्या आधी का? कारण त्या घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्यायच्या असतात, आणि बोर्ड बसल्यावर तिथे हात पोचत नाही. मूळ ५एफ१ मध्ये हीटरची एक बाजू सरळ चासीला जोडलेली होती, एकच तार फिरायची. तार वाचली आणि गुणगुण वाढली. ही एक जागा अशी आहे जिथे मूळ चित्र बाजूला ठेवावं. पिळलेली जोडी घ्या आणि ६.३ च्या मध्य टॅपला चासी. मध्य टॅप नसेल तर दोन्ही बाजूंकडून १००-१०० ओहमचे अर्ध्या वॅटचे रेझिस्टर चासीला. त्याहून शांत हवं असेल तर हाच मध्यबिंदू चासीऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला, म्हणजे १९ व्होल्टच्या आसपास, जोडा.

किटमधल्या व्हॉल्यूम पॉटकडे नीट पाहा. चॅम्पमध्ये मेनचा स्विच या पॉटच्याच पाठीवर असतो. अमेरिकन पॉटवरचा स्विच कधी कधी फक्त १२५ व्होल्टचा असतो, त्यावर आपली वीज लावू नये. २५० व्होल्टचा छाप नसेल तर तो स्विच रिकामा सोडा आणि मागच्या बाजूला वेगळा टॉगल बसवा. यात दुसरा फायदाही आहे. १ मेगओहमच्या पॉटच्या शेजारून मेनची तार गेली नाही की आवाज आणखी शांत होतो.

फ्यूजचंही तसंच. १२० व्होल्टसाठी दिलेला फ्यूज आपल्याकडे दुप्पट मोठा ठरतो. हा ॲम्प जेमतेम ४० वॅट खातो, म्हणजे २३० वर ०.२ अँपिअरपेक्षाही कमी. ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज पुरे, आणि तो फेजच्या तारेत. अर्थची तार स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून चासीला. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर नको. चासीच्या पत्र्यावर सोल्डर करण्याचा हट्टही नको. चाळीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने पोलादी पत्रा तापतच नाही आणि वरवर चकचकीत दिसणारा ड्राय सोल्डर तयार होतो. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं आणि अर्थ नुसता दिसायला असतो, तेव्हा तोही मोजा: फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळपास सारखे, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. त्या काळच्या अनेक अमेरिकन ॲम्पमध्ये मेनची एक तार आणि चासी यांच्यामध्ये छोटा कंडेन्सर असायचा. एखाद्या चित्रात तो दिसला तर घालू नका. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांवर मेनचं व्होल्टेज येतं.

रंगांच्या पट्ट्यांत सर्वांत जास्त फसवणारी जोडी २२ के आणि २२० के यांची: लाल-लाल-केशरी आणि लाल-लाल-पिवळा. पिवळ्या बल्बखाली दोन्ही एकच वाटतात. ६व्ही६ च्या ग्रिडला २२० के हवा. तिथे २२ के गेला तर आधीच्या टप्प्याची ताकद त्यातच जिरते आणि ॲम्प दूर कुठेतरी वाजल्यासारखा येतो. उलट, स्पीकरकडून येणाऱ्या फीडबॅकच्या (परत आत आणलेल्या सिग्नलच्या) २२ केच्या जागी २२० के बसला तर ॲम्प अपेक्षेपेक्षा लवकर आणि ओबडधोबड फाटतो. ‘आमचा किट जास्त गेन देतो’ असं कोणी कौतुकाने म्हणालं, तर आधी ही जागा मोजावी. बोर्डवर लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजणं, एवढ्याने हा सगळा घोळ टळतो.

मूळ सर्किटमध्ये नसलेली एक भर जरूर घाला: पहिल्या फिल्टर (डीसी सपाट करणाऱ्या) कंडेन्सरवर २२० के, २ वॅटचा रेझिस्टर. ॲम्प बंद केल्यावर कंडेन्सर अर्ध्या-पाऊण मिनिटात रिकामे होतात. तो नसेल तर तिथे मिनिटंच्या मिनिटं जीवघेणा भार टिकू शकतो. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून शून्याच्या आसपास आहे ना, हे पाहायचंच. एक हात खिशात ठेवायचा हा जुन्या रेडिओ मेकॅनिकांचा नियम इथे शब्दशः पाळावा.

पहिल्यांदा वीज देताना

इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज लॅम्प (ॲम्पच्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब) लागेल, आणि त्यात ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब हवा. एलईडी चालणार नाही. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून वीज द्या. बल्ब क्षणभर उजळून विझायला हवा. तो लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. मग एसीवर ६.३, ५ आणि ३२५-०-३२५ मोजा. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर हे आकडे थोडे जास्तच दिसतील.

आता एक सापळा. अनेक मार्गदर्शिका ‘पुढे फक्त रेक्टिफायर घालून पाहा’ असं सांगतात. ६व्ही६ शिवाय भार नसतो, त्यामुळे ३२५ व्होल्ट एसीचे चढून ४६० डीसी होतात, आणि किटमधले फिल्टर कंडेन्सर बहुधा ४५० चेच असतात. म्हणून स्पीकर जोडा, तिन्ही व्हॉल्व्ह घाला आणि एकदमच वीज द्या. स्पीकरशिवाय तर कधीच नको, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

वीज देताच कर्कश किंचाळी आली तर घाबरायचं कारण नाही. फीडबॅकची दिशा उलटी झाली आहे. बंद करा, कंडेन्सर रिकामे होऊ द्या आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारा, बहुतेक वेळा निळी आणि लाल, अदलाबदल करा. फिल्टर कंडेन्सरचं टोक उलट लागलं असेल तर मात्र आवाज येत नाही, आधी वास येतो.

सगळं ठीक असेल तर सिरीज लॅम्प काढून मोजा. पहिल्या फिल्टरवर ३४० व्होल्टच्या आसपास, दुसऱ्यावर ३०५, तिसऱ्यावर २५०. १२एएक्स७ च्या दोन्ही प्लेटवर दीडशेच्या आगेमागे. ६व्ही६ च्या कॅथोडवर १९, आणि पाय ५ वर शून्य. पाय ५ वर दोन-तीन व्होल्ट डीसी दिसले तर अलीकडचा ०.०२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे, तो लगेच बदला.

आता ६व्ही६ चा हिशेब, कारण किटसोबतच्या कागदांत तो सहसा नसतो. कॅथोडवर १९ व्होल्ट, रेझिस्टर ४७० ओहम, म्हणजे ४० मिलिअँपिअर. स्क्रीनचे दोन-अडीच वजा केले की प्लेटचे ३८ च्या जवळ. प्लेटवर ३३० धरा, कॅथोडचे १९ वजा, उरले ३११. ३११ गुणिले ०.०३८ म्हणजे ११.८ वॅट. ६व्ही६जीटी ची जुन्या पुस्तकातली मर्यादा १२. म्हणजे मूळ रचनाच काठावरची आहे. आता २२० च्या टॅपला २४० व्होल्ट द्या: प्लेट ३६० च्या आसपास, कॅथोड २१, प्लेट करंट ४२, आणि गुणाकार १४ वॅटच्या वर. व्हॉल्व्ह लगेच मरत नाही, पण काही महिन्यांत थकतो. अंधारात पाहिलं तर प्लेटवर मंद लाल डाग दिसतो. उपाय दोन: बरोबर टॅप, आणि तरीही आकडा चढा असेल तर ४७० च्या जागी ५६० किंवा ६८० ओहम, ५ वॅटचा. बदलल्यावर हाच हिशेब पुन्हा करा.

व्होल्टेज चढण्याचं आणखी एक कारण स्वतः रेक्टिफायर असू शकतो. जुना अमेरिकन ५वाय३ स्वतःमध्ये बरेच व्होल्ट खातो. आज बनणाऱ्या काही ५वाय३ ची आतली रचना वेगळी आहे, ते कमी खातात आणि पुढे वीस-तीस व्होल्ट जास्त पाठवतात. फिल्टरच्या बाबतीतही हात आखडता ठेवा. पहिला कंडेन्सर १६ चा २२ मायक्रोफॅरड केला तर चालतं, १०० केला तर प्रत्येक वेळी सुरू करताना रेक्टिफायरवर झटका बसतो.

गुणगुण कुठून येते

गिटारवाल्याला यासाठी कान पुरतो. आपल्या विजेत दोनच सूर शक्य असतात: ५० हर्ट्‌झ आणि १०० हर्ट्‌झ. जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्‌झचा असतो. गुणगुण त्याच्याशी जवळपास जुळत असेल, किंचित चढी, तर ती १०० ची आहे आणि दोष फिल्टर कंडेन्सरमध्ये किंवा ग्राउंडच्या क्रमात आहे. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० ची, म्हणजे हीटरच्या तारा, मेनची तार पॉटजवळून जाणं, किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रात असणं. चासीची भोकं आधीच पाडलेली असल्यामुळे शेवटचा दोष किटमध्ये कमी दिसतो. स्वतः भोकं पाडणाऱ्याने दोन्ही ट्रान्सफॉर्मर काटकोनात ठेवावेत. गिटार न लावता आवाज मोठा आणि लावल्यावर शांत, असं असेल तर जॅकचा आतला संपर्क ग्राउंडला लागत नाही. पहिला जॅक थेट असतो आणि दुसरा सिग्नल निम्मा करतो. दोन्हीकडे सारखाच आवाज आला तर ६८ केची जोडणी चुकली आहे.

आवाज

सिंगल कॉइल पिकअपची गिटार लावून व्हॉल्यूम चारपर्यंत स्वच्छ, घंटेसारखी किणकिण. पाच-सहावर जोरात छेडलं तर फाटतो, हलकं छेडलं तर स्वच्छ राहतो. या ॲम्पची खरी मजा या एका टप्प्यात आहे. आठच्या पुढे आवाज वाढत नाही, फक्त दाटतो. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) लावला तर खालचे सूर लवकर गळबटतात. गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली आणला की सावरतात. पहिल्या कॅथोडला २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावून गेन वाढवण्याची सुधारणा लोकप्रिय आहे. आम्ही ती सुचवणार नाही. आठ इंची स्पीकरला तेवढा खालचा सूर पेलवत नाही. त्यापेक्षा फीडबॅकच्या तारेत एक छोटा स्विच घाला. फीडबॅक तोडला की आवाज रांगडा, उघडा होतो, आणि परत यायचा मार्ग राहतो.

‘पाचच वॅट, फ्लॅटमध्ये चालेल’ ही समजूत चुकीची आहे. सहावर ठेवलेला हा ॲम्प भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू जातो. ड्रमबरोबर स्टेजवर मात्र तो कमीच पडतो, तिथे माइक लागेल. मेटल वाजवणाऱ्यांनी दुसरं सर्किट शोधावं.

स्पीकरवर पैसे वाचवू नका. ४ ओहमचा म्हणून कारचा किंवा हायफायचा आठ इंची लावला तर निराशाच पदरी पडते. तो कमी संवेदनशील असतो, आणि गिटारच्या स्पीकरने ज्या वरच्या फ्रिक्वेन्सी गाळायच्या त्या तो प्रामाणिकपणे वाजवतो. फाटलेला आवाज मग माशीसारखा भणभणतो. जेन्सन किंवा वेबरचा गिटारसाठीचा आठ इंची घ्या. जागा असेल तर याच चासीला ४ ओहमचा दहा किंवा बारा इंची लावून पाहा. आवाज इतका भरदार होतो की आठ इंचीकडे परत जावंसं वाटत नाही.

कॅबिनेट सुताराकडून. मूळ कॅबिनेट पाइनच्या अखंड फळ्यांचं, पाऊण इंच जाडीचं, कोपऱ्यांना बोटांसारखे सांधे. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन चालतं, पण वाळलेलं घ्या आणि कीड-वाळवीचं औषध आतून-बाहेरून मारून घ्या. पुढचा बॅफल (स्पीकर बसवायची फळी) पातळ प्लायचा, ९ मिलिमीटरचा. सुतार सवयीने १८ चा लावतो, तसं करू देऊ नका. मागची बाजू अर्धी उघडी हवी, नाहीतर उलटे टांगलेले व्हॉल्व्ह आतच भाजतात. चासीच्या वर लाकडात हवा जायला फट ठेवा. एमडीएफ वापरू नका, पावसाळ्यात कडा फुगतात.

१२एएक्स७ साठी बाहेरच पाहायला हवं असं नाही. युरोपात तोच व्हॉल्व्ह ईसीसी८३ म्हणून ओळखला जातो, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईसीसी८३ जुन्या साठ्यांत अजून सापडतात. घेताना चालू ॲम्पमध्ये लावून पेन्सिलीने हलकं टिचकवा. स्पीकरमधून घुमणारा टणत्कार आला तर तो व्हॉल्व्ह या ॲम्पमध्ये नको. ६व्ही६ आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, ते मात्र मागवावेच लागतात.

वाहतूक आणि कस्टम एकदाच भरायचं म्हणून किटबरोबरच हे मागवा: दोन ६व्ही६, एक ५वाय३, एक १ मेगचा साधा ऑडिओ टेपर पॉट, आणि ४५० ऐवजी ५०० व्होल्टचे फिल्टर कंडेन्सर. ५०० मिलिअँपिअरचे स्लो-ब्लो फ्यूज, २२० केचे २ वॅटचे रेझिस्टर, ५६० आणि ६८० ओहमचे ५ वॅटचे रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर मूठभर मिळतात.